कंपनीचं कर्ज घ्यावं की बचत गट धरावा? आणि त्यातून खरंच कोणाला काम मिळतं का?

हर्णैकर_सून

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

आमचं गाव दापोली तालुक्यात, बंदराच्या जवळच. सासूबाई लिलावात मासळी घेतात आणि वाड्यावाड्यांतून विकतात, तीस वर्षं हेच. उरलेल्या मालाचा जवळा, बोंबील वाळवून ठेवतो, पण जवळा खाली पसरून वाळवला की रेती येते आणि मग शहरातलं गिऱ्हाईक एकदा घेतं, परत घेत नाही. माझ्या डोक्यात असं आहे की जाळीचे उंच मांडव करायचे, एक सीलिंग मशीन, चांगला वजनकाटा, आणि पाकिटं करून पुण्या-मुंबईला पाठवायची. दोन बायकांना तरी रोजावर काम देता येईल असा माझा हिशोब (बी.कॉम. आहे हो, लग्नाआधी पतसंस्थेत दोन वर्षं खर्डेघाशी केलीय).

तर गेल्या महिन्यात एका फायनान्स कंपनीचा मुलगा वाडीत आला. पाच बायका जमवा, आधार आणि मतदान कार्ड द्या, नवऱ्याची सही, आठवड्यात प्रत्येकीच्या खात्यात ४० हजार. हप्ता दर पंधरवड्याला, सगळ्यांनी एका घरी जमून भरायचा, एकीचा राहिला तर बाकीच्यांनी भरायचा. दुसरीकडे उमेदच्या (सरकारचं बचत गटांचं अभियान) सीआरपी ताई, म्हणजे गावात गट जमवणाऱ्या ताई, म्हणतात घाई करू नका, दहा जणी जमवा, बचत करा, सहा महिने थांबा. सहा महिने थांबले तर यंदाचा जवळ्याचा सीझन गेला ना.

अजून एक गोष्ट, खरं तर त्याचीच जास्त टोचणी आहे. चौघी जमल्या, पाचवी म्हणून मी कातकरवाडीतल्या एका बाईचं नाव घेतलं. ती सासूबाईंकडे मासळी निवडायला येते, हात असा चालतो की बघत राहावं. बाकी तिघी एका सुरात, ती नको. दिवाळी झाली की ती नवरा-पोरांसकट वीटभट्टीवर जाते मग तिचा हप्ता कोण भरणार, तू? मला राग आला पण उत्तर नाही सुचलं, कारण त्या चुकीचं बोलत नव्हत्या.

सगळीकडे वाचते की छोट्या कर्जांनी रोजगार होतो, गरीब बाई समाजात पुढे येते. कोणी आलंय का पुढे? अनुभव असेल तर सांगा, जाहिरात नको.

निवृत्त_कॅशियर

ताई, आधी तुमच्या पंधरवड्याच्या हप्त्याचं बघू, बाकीचं ज्ञान इथले तरुण पाजतीलच.

तो मुलगा व्याजाचा टक्का सांगेल तेव्हा एकच प्रश्न विचारा, फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज) की घटत्या शिल्लकीवर (फक्त उरलेल्या कर्जावर). ४० हजार, दोन वर्षं, समजायला सोपं म्हणून महिन्याचा हप्ता धरू. २४ टक्के घटत्या शिल्लकीवर असेल तर हप्ता साधारण २,११५ आणि एकूण व्याज पावणेअकरा हजारांच्या आसपास. तेच २४ टक्के फ्लॅट असेल तर व्याज १९,२००. टक्का तोच, तोंड तेच, आणि खिशातून साडेआठ हजार जास्त. आणि बचत गटाला बँकेकडून ७ टक्क्याने मिळालं (गटाला ३ लाखांपर्यंत तो दर आहे) तर ४० हजारांवर दोन वर्षांचं व्याज तीन हजारांच्या आतच. शिवाय कंपनी विमा आणि प्रोसेसिंग आधीच कापून घेते, हातात ४० येतच नाहीत, ते वेगळंच.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत, पाठ करून ठेवा. घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर ते मायक्रोफायनान्स कर्ज, त्याला तारण मागता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सगळा खर्च धरून दर किती पडतो त्याचा एक पानी कागद द्यावाच लागतो. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही, घरी येणं नाही.

आता आमच्या बाजूचंही खरं सांगतो. नाबार्डने (शेती आणि ग्रामीण विकासाची सरकारी बँक) १९९२ मध्ये ५०० गट घेऊन बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तो आमच्या शाखेपर्यंत झिरपायला बरीच वर्षं गेली. पहिला गट खातं उघडायला आला तेव्हा साहेबांनी त्या बायकांना बाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवलं, जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणाले, आणि मी काउंटरच्या आत बसून ते बघत होतो, काही बोललो नाही. पुढे दहा वर्षांनी शाखेतली सगळ्यात स्वच्छ खाती त्याच बायकांची. बागायतदार शेठची थकलेली, यांची नाही.

खलाशाचा_पोर

काकांचे नियम बरोबर आहेत पण नियम कागदावर असतात आणि सेंटरच्या, म्हणजे एकत्र जमून हप्ता भरणाऱ्या, बायका दारात असतात.

माझ्या आईने डिसेंबरात ३० हजार घेतले, हप्ता आठवड्याचा, मे पर्यंत एकही चुकला नाही कारण रोज मासळीची पाटी निघत होती रोज पैसा येत होता, मग १ जूनला बंदी लागली, होड्या वर ओढून शाकारल्या, ३१ जुलै पर्यंत ६१ दिवस बंदरावर कुत्रं फिरत नाही, आणि हप्ता मात्र दर बुधवारी. कंपनीच्या कॅलेंडरला पावसाळा नसतोच. पहिले तीन हप्ते घरातून, मग दुसऱ्या कंपनीचं घेऊन पहिल्याचा भरला, मग तिसऱ्याचं घेऊन दुसऱ्याचा, नारळी पौर्णिमेपर्यंत आईच्या नावावर तीन कर्जं आणि धंद्यात त्यातला एक रुपया नाही. कानातलं गेलं.

एका बुधवारी सेंटरच्या सगळ्या बायका आमच्या पडवीत येऊन बसल्या, रात्री नऊ वाजेपर्यंत, कारण कंपनीच्या साहेबाने त्यांना सांगितलेलं की हिचा आल्याशिवाय तुमची पुढची कर्जं मंजूर नाहीत. साहेब स्वतः सहाला निघून गेला बरं का, नियमात बसून. त्या बायकांत माझी सख्खी मावशी होती. तिने आईकडे बघितलं पण नाही. त्या वर्षी हळदीकुंकवाला आईला बोलावणं नव्हतं. समाजात पुढे येणं म्हणतात ते हे असेल तर माहीत नाही.

आता लाडकी बहीणचे १५०० येतात ते आमच्याकडचे हप्तेवाले उत्पन्नात धरतात. सरकारने बाईला दिले, गेले कंपनीला, मध्ये बाई फक्त अंगठा.

अर्थाचा_अनर्थ

वरच्या पोस्टला काय लिहिणार, सॉरी मित्रा. तरी ताईंनी रोजगाराचं विचारलंय आणि त्यावर खरंच खूप काम झालंय, जमेल तितकं सांगतो (एम.ए. अर्थशास्त्र, सध्या बेकार, म्हणून वेळ आहे).

मोहम्मद युनूसनी १९७६ ला बांगलादेशात जोब्रा गावात गरिबांना छोटी कर्जं देणं सुरू केलं, १९८३ ला ग्रामीण बँक झाली, २००६ ला नोबेल शांतता पुरस्कार. तेव्हा सगळ्यांना वाटायचं की गरिबी ही वस्तू म्युझियममध्येच बघायला मिळेल. मग काही लोकांनी मोजायचं ठरवलं. हैदराबादमध्ये १०४ वस्त्या घेतल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून निम्म्यांत कंपनीची शाखा उघडली आणि निम्म्यांत नाही. बॅनर्जी, दुफ्लो वगैरे मंडळी, त्यातल्या ह्या दोघांना २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं (अभिजीत बॅनर्जींची आई मराठी आणि जन्म मुंबईचा, हे आपलं उगाच कॉलर ताठ करायला). निघालं काय, तर ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता त्यांनी त्यात पैसे घातले, धंदा थोडा वाढला. लोकांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, पान-तंबाखूसारखा खर्च कमी केला. पण घरचा एकूण खर्च म्हणजे राहणीमान, पोरांचं शिक्षण, बाईचा घरातला शब्द, यात धड फरक नाही. तसेच अभ्यास बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को इथेही झाले, २०१५ मध्ये सगळे एकत्र छापून आले, सूर साधारण तोच. वाईटही नाही, जादूही नाही.

आता कोणी म्हणेल मग बंदच करा. तेही एकदा झालं. २०१० च्या ऑक्टोबरात आंध्र सरकारने आत्महत्या आणि वसुलीच्या दादागिरीच्या बातम्यांनंतर अशा कर्ज कंपन्यांवर वटहुकूम काढला, वसुली ठप्प, कंपन्यांचे पैसे अडकले आणि त्यांनी इतर राज्यांतलंही कर्जवाटप आवळलं. पुढे ब्रेझा आणि किनन या दोघींनी बघितलं की ज्या जिल्ह्यांत कर्ज असं अचानक आटलं तिथे रोजंदारीचा दर पडला. म्हणजे ज्या मजुराने आयुष्यात कर्ज घेतलं नाही त्याचीही मजुरी घटली, कारण त्याला कामाला बोलावणारी आणि त्याच्याकडून माल घेणारी माणसं आखडली. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कर्जाचा रोजगार शोधायचा तर कर्ज घेणाऱ्या बाईच्या घरात बघून पुरत नाही, तिच्याकडे मासळी निवडायला कोण येतं ते बघावं लागतं.

आणि खलाशाच्या पोराच्या आईसाठी. कोलकात्यात एक प्रयोग झाला, काही बायकांना पहिला हप्ता दोन आठवड्यांनीच आणि काहींना दोन महिने सूट. सूटवाल्यांनी धंदा जास्त सुरू केला, तीन वर्षांनी त्यांचा नफाही जास्त. पण बुडवणाऱ्याही त्यांच्यातच जास्त निघाल्या, म्हणून कंपन्या सूट देत नाहीत. दोन महिने म्हणजे बघा, बरोब्बर तुमची बंदी.

आगळवेगळं

मी कुडाळकडचा, रातांब्यातला माणूस, मासळीतलं फक्त खायचं कळतं. आमच्याकडे आईचा गट कोकम आगळ, आमसुलं आणि कुळथाचं पीठ करतो, १४ वर्षं झाली.

काका, तुमचे ७ टक्के कबूल पण ते ७ टक्के मिळेपर्यंत बँकेच्या सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला रिक्षा आणि एक बुडालेला रोज, हे व्याजात धरा. आमच्या गटाला पहिलं कर्ज मंजूर झालं ते जुलैत. रातांबे संपले जूनमध्ये. पैसे खात्यात आणि झाडावर काही नाही! मग त्या बायकांनी काय केलं, गणपतीला वाटून घेतले. चाकरमानी येणार, घर रंगवायचं, कोणाच्या पोराची फी. बँकेच्या भाषेत दुरुपयोग.

रोजगाराचं म्हणाल तर आमच्याकडे रातांब्याच्या सीझनला आठ बायका दीड महिना रोजावर असतात, फोडायला, पुटं द्यायला, वाळवायला. नंतर दोघी. ह्याला रोजगार म्हणायचं का ते तुम्ही ठरवा, त्या बायका म्हणतात. आणि एक सांगतो ताई, मालवणी मसाला करू नका. प्रत्येक गट मसाला करतो. जत्रेत, सरसच्या (बचत गटांच्या मालाच्या) प्रदर्शनात ओळीने दहा स्टॉल आणि दहाही ठिकाणी मसाला, एकीची पाकिटं खपली की दुसरीची राहतात, नवीन काम कुठे झालं त्यात, त्याच पोळीचे तुकडे. तुमची रेती नसलेली सुकट वेगळी आहे, ते मात्र चालेल. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, पर्यटक पैसे देऊन येतात, ते म्हणूनच चाललं, कारण शेजारणीचं तेच नव्हतं. फूड लायसन्सचं आधी बघा, मशीन नंतर. आमची पाकिटं एका दुकानदाराने लायसन्स नंबर नाही म्हणून परत पाठवली होती, सत्तर पाकिटं, घरीच खाल्ली.

पुढे येण्याबद्दल. आई पूर्वी आंगठो लावी. आता ग्रामसंघाची (गावातल्या सगळ्या गटांचा मिळून संघ) सचिव आहे, इतिवृत्त स्वतः लिहिते, अक्षर माझ्यापेक्षा बरं. गेल्या वर्षी बाबा तिला न सांगता खात्यातून पैसे काढायला निघाले तर म्हणाली, "मेल्या, माका इचारल्याशिवाय बँकेत जाव नको." हे कुठल्या अभ्यासात मोजतात माहीत नाही.

पण खरं बोलायचं तर गट वाडीवाडीचेच असतात. भंडारीवाडीचा वेगळा, बौद्धवाडीचा वेगळा, गाबितांचा वेगळा, मोहल्ल्यातला वेगळा. एका गटात कोणी कोणाला घेत नाही, कारण जामीन एकमेकींचा असतो आणि माणूस ओळखीचाच जामीन राहतो. वाड्या एकत्र येतात त्या ग्रामसंघाच्या मिटिंगला, तिथे एकाच सतरंजीवर बसावं लागतं. पहिली दोन वर्षं चहा होत नसे मिटिंगला. का ते समजून घ्या. आता होतो.

डोंगरवाट

मी रोहा-सुधागड भागात एका संस्थेसोबत काम करतो, म्हणून फक्त तुमच्या त्या पाचव्या बाईबद्दल लिहितो.

तुमच्या तिघी मैत्रिणी वाईट नाहीत. सामूहिक जबाबदारीचं कर्ज असतंच असं, ते गावातल्या बायकांनाच चाळणी हातात देतं आणि सगळ्यात गरीब बाई त्यातून आपोआप खाली पडते. कंपनीला नाही म्हणावंच लागत नाही.

आणि तिला कर्ज मिळत नाही असं समजू नका. तिला कर्ज मिळतं, त्याचं नाव उचल, म्हणजे कामाआधीच दिलेली आगाऊ रक्कम. पावसाळ्यात काम नसतं, गणपती-दिवाळीला भट्टीसाठी मजूर जमवणारा मुकादम येतो, हातात रोख देतो, ना आधार ना सही, एका दिवसात. सगळ्यात सोपं मायक्रोक्रेडिट. त्याची फेड म्हणजे दिवाळीपासून मे अखेरपर्यंत अख्खं कुटुंब भट्टीवर, विटा मोजणारा तो, हिशोब लिहिणारा तो, आणि जूनमध्ये परत येताना अंगावर थोडं बाकी असतंच, पुढच्या वर्षासाठी. १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने असलं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते, पण तहसीलदारापर्यंत जाऊन हे सिद्ध करायचं आणि नंतर त्याच मुकादमाच्या गावात राहायचं.

अशा घराला अजून एक कर्ज देऊन काही होत नाही. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ पासून वेगळा रस्ता धरला, आधी शेळ्या, गाय असलं काहीतरी हातात द्यायचं, परत मागायचं नाही, वर्षभर थोडे खर्चाचे पैसे, दर आठवड्याला कोणीतरी घरी जाऊन विचारपूस, बचतीची सवय, आणि मग वाटलं तर कर्ज. पश्चिम बंगालमध्ये बंधन या संस्थेने तसंच केलं, तिथे दहा वर्षांनी जाऊन बघितलं तरी त्या घरांची परिस्थिती टिकून होती. कर्जाच्या आधीची पायरी आहे ही, आणि आपल्याकडे तीच गाळतात.

तुमच्या हातात आहे ते म्हणजे मजुरी. तुमचं मांडवाचं काम दिवाळी ते मे चालणार आहे ना? म्हणजे नेमका भट्टीचाच काळ. तिला कर्जदार करू नका, कामावर घ्या, दर आठवड्याला रोख द्या. तिच्या वाडीतल्या बायकांचा गट नंतर स्वतंत्र होऊ शकतो, दुर्गम आदिवासी भागात पाच जणींचाही चालतो.

हर्णैकर_सून

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहितेय कारण मध्ये बरंच झालं.

कंपनीच्या मुलाला तो एक पानी कागद मागितला. म्हणाला मॅडम तो कर्ज पास झाल्यावर मिळतो. मग विचारलं, जून-जुलैत हप्ता बंद ठेवाल का. हसला. गरीब घरचाच मुलगा आहे हो, चिपळूणकडचा, त्याला रोजच्या सेंटरचं टार्गेट असतं, त्याचीही नोकरी ह्याच कर्जांवर चालते, ही एक नोकरी मात्र नक्की तयार झाली म्हणायची. दोघींनी त्याच्याकडून घेतलं शेवटी, एकीला मुलीच्या ॲडमिशनला हवे होते. तिला थांबवणार कशी?

सासूबाईंशी बोलून यंदा कर्जाशिवाय दोनच मांडव केले, जाळी जुनीच, बांबू घरचे. रेती नाही येत! मशीन गटाचं कर्ज मिळालं की, आणि ते ऑगस्टच्या आत मागायचं, रातांबेवाल्या दादांचं ऐकून.

आणि त्या बाईला विचारलं, दिवाळीनंतर राहशील का, रोजावर. ती बराच वेळ बोटाने ओटा खरवडत बसली. मग म्हणाली, १२ हजार उचल घेतलीय ह्याने, नवऱ्याने. तुम्ही भट्टीवाल्याचे भरता का, मी इथे फेडीन.

आता सांगा. भरले तर ती भट्टीवर जायची वाचते, पोरं शाळेत राहतात. पण मग तिची उचल माझ्या सासूच्या वहीत आली ना. भट्टीवाला गेला आणि मी बसले.

निवृत्त_कॅशियर

भरायचेच असतील तर वहीत 'उचल' शब्द लिहू नका. मजुरी पूर्ण तिच्या हातात, त्यातून कापायचं नाही. परतफेड ती देईल तेव्हा, देईल तेवढी, पावती तिच्याकडे. आणि उद्या ती दुसरीकडे कामाला गेली तरी तुम्ही हूं की चूं करायचं नाही, हे आधी सासूबाईंकडून कबूल करून घ्या. जमेल?

डोंगरवाट

काकांना दुजोरा. आणि पैसे नवऱ्यामार्फत नका देऊ, मुकादमाला देताना दोन माणसं समोर ठेवा आणि फिटल्याचं लिहून घ्या. नाहीतर पुढच्या गणपतीला तो परत बाकी काढेल.

हर्णैकर_सून

सासूबाई म्हणाल्या १२ नाही, सहा मी देते, सहा तू दे, म्हणजे दोघींपैकी कोणालाच मालकीण व्हायला नको. ह्यावर मी काय बोलणार.

सोमवारी दहा जणींची पहिली मिटिंग आमच्या पडवीत. तिला पण बोलावलंय, सभासद म्हणून नाही, नुसती बसायला. चहा होणार आहे. गटाला नाव सुचवा, फक्त 'सागरकन्या' नको, त्या नावाचे पंचक्रोशीत आधीच तीन आहेत.